पेटीतला नवरंग

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. पुण्यातल्या एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवले. पक्षी-अभ्यासक सुहास सर मेलेले पक्षी गोळा करत, आणि त्यासाठी मला थेट स्पितीच्या बर्फापर्यंत घेऊन गेले. तिथल्या चौक्यांवर शिपाई माझे झाकण उघडून संशयाने आत डोकावत. मला वाईट वाटे.

सर थकल्यावर मी त्यांच्या विद्यार्थिनीकडे, औंढ्याच्या यशोधराकडे आले. वनखात्याच्या परवानगीने ती मेलेले सापडलेले पक्षी संग्रहालयासाठी जपून ठेवते.

यंदा तिकोणा पेठ गावाजवळ सरुबाईंच्या शेताच्या बांधावर नवरंग पक्षी मरून पडू लागले. यशोधराला शेतातल्या फवारणीचा संशय आला.

"मावशी, शेतात कसलं औषध मारलंत?"

सरुबाई भडकल्या. "म्या इख घातलं व्हय? तू हितं यायला लागल्यापास्नं पाखरं मराया लागली! पेटीत काय हाय? उघड!"

माणसे जमली. "पाखरं इकत आसंल, पोलिसांना बोलवा," कुणीतरी ओरडले. सरुबाईंचे यजमान धोंडिबा यांनी माझी कडी धरली. आता आपण फुटणार, असे मला वाटले.

यशोधराने स्वतःच झाकण उघडले. आतल्या, नुकत्याच मेलेल्या नवरंगाच्या डोक्यावरची पिसे तिने बाजूला केली. खाली रक्त साकळले होते. "हा कशावर तरी आपटलाय. मावशी, मी उगाच तुमच्यावर संशय घेतला."

सरुबाईंचा विश्वास बसेना. बांधापलीकडे काचेच्या भिंतीचा नवा बंगला होता; यशोधराने तिकडे बोट दाखवले. "चल, बघू. पर पेटी माज्याकडं ऱ्हाईल," सरुबाई म्हणाल्या.

काचेत झाडे हुबेहूब दिसत होती. बराच वेळ दोघी एकमेकींकडे तिरक्या नजरेने बघत बसल्या. तेवढ्यात एक नवरंग सरळ त्या झाडांकडे झेपावला आणि धप्पकन खाली पडला.

"आगं, ह्यो जित्ता हाय!" सरुबाईंनी त्याला ओंजळीत घेतले.

"अंधारात ठेवा, मावशी. पेटीतच. झाकण थोडं उघडं राहू दे."

मित्रांनो, माझ्या पोटात पहिल्यांदाच एक काळीज धडधडत होते. मी पत्रासुद्धा वाजू दिला नाही. मग पंख फडफडले. सरुबाईंनी झाकण वर केले आणि नवरंग रानात उडून गेला. मग यशोधराचा हात धरून सरुबाई बंगल्याच्या मालकाकडे निघाल्या. पाखरांना काच ओळखू यावी म्हणून आठवड्याभरात तिच्यावर दोऱ्यांचा पडदा लागला.

काचेखाली पाखरू पडलेले दिसले, तर ते मेलेच असे समजू नका. त्याला थोडा अंधार आणि थोडा वेळ द्या.