घराचे वीस गुण

पेंटरबाईंनी सोनेरी रंगाचा डबा उघडून काडीनं ढवळला. "बयो, बघ गं, दाट झालाय का?"

लेक टर्पेंटाइन ओतता ओतता निरोपाचं भाषण घोकत होती. शाळेत पहिल्या येणाऱ्याचं नाव सभागृहातल्या फळ्यावर चढे आणि भाषणाचा मानही त्यालाच. बयोला सहाशेपैकी पाचशे एक्क्याऐंशी. खालोखाल डॉक्टरांची मुलगी, पाचशे बहात्तर. तो फळा अकरा वर्षं आईच रंगवत आली होती.

"माझं नाव तिरकं काढू नकोस हं, आई."

"झालं तिरकं, तर तुझ्या स्वभावावर गेलं म्हणेन."

शाळेत मुख्याध्यापकांनी पेंटरबाईंना रंगवायच्या नावाची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या मुलीचं नाव.

"गुण चुकले का, सर?"

"नाही हो. घराचे वीस गुण धरतो ना आपण. समितीची मंडळी घर बघून गेली की तुमच्याकडे."

आली होती खरी. बाईंनी बसायला रंगाचे डबे उपडे घातले होते. समितीतल्या एक बाई शेवटपर्यंत कपडे सावरत उभ्याच राहिल्या. सरांनी आकडे सांगितले: बयोला चार गुण, डॉक्टरांच्या मुलीला एकोणीस.

पेंटरबाई शिडीवर चढल्या. साल रंगवलं. वर त्यांच्याच हातची अकरा नावं झळकत होती. ती कशी ठरतात, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"ही अकराही घर धरूनच का?"

"प्रथाच आहे ती. आटपा, उद्या समारंभ आहे."

"नाव काढते, सर. पण प्रत्येक नावापुढं दोन आकडे काढीन. अभ्यासाचे किती, घराचे किती."

"असं कुठं असतं का?"

"मानाचे गुण आहेत ना? मग लपवायचे कशाला?"

"दुसरा पेंटर बोलावीन मी."

"बोलवा. उद्या फाटकात आम्ही दोघी असू. भाषण पाठ आहे तिचं."

त्यांनी ब्रश पुसला, डब्याला झाकण लावलं आणि शिडी खांद्यावर टाकली.

माणूस देवापुढं उभा राहतो तेव्हा त्याला घरात खुर्च्या किती, असं कुणी विचारत नाही. आपण विचारतो, वर त्याला गुणवत्ता म्हणतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर साल होतं, पुढं कोरं. एवढ्या घाईत पेंटर मिळाला नव्हता. फाटकात पेंटरबाईंनी समितीला बसायला दिलेल्यांतलाच एक डबा उपडा घातला. बयो वर चढली आणि तिनं आधी दोघींचे आकडे सांगितले, मग भाषण सुरू केलं.

आत निघालेली डॉक्टरांची मुलगी थबकली. एकोणिसाचा आकडा ती पहिल्यांदाच ऐकत होती. वडील म्हणाले, "चल, आत वाट बघतायत."

"हिचं संपू दे, बाबा," ती म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.