गढीचा तिसरा भाग

मुंजाबानं गेमचा रिमोट मांडीवर आडवा ठेवला, बँडेजचा हात त्यावर टेकवला आणि उरलेल्या अंगठ्यानं बटण दाबलं. टीव्हीतल्या माणसानं चाबूक फिरवला. एक वटवाघूळ मेलं, मागून दुसरं आलं आणि माणूस पुन्हा जिन्याखाली कोसळला.

"उडी न् चाबूक संगंच मारायचा," शेजारी गादीवर बसलेले कडूबा म्हणाले. "दोन बटनं एकदम."

"दाजी, डावा हात मानूस चालवाया लागतो. ह्या हाताला अंगठा एकच हाय."

कडूबा हसले नाहीत. रविवारची दुपार होती. आत सारजाबाई, म्हणजे कडूबांची बायको आणि मुंजाबाची थोरली बहीण, शेंगा भाजत होती. तो वास गारखेड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत भरून राहिला होता.

हा खेळ कडूबांनीच आणला होता. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले होते, अंगठा हलता ठेवा, नाहीतर तोही आखडेल. मग कडूबांनी कुणाकडून तरी टीव्हीवरचा गेम मिळवला आणि क्रांती चौकातल्या व्हिडिओवाल्याकडून कॅसेटी आणल्या. कॅसेटींवरचं इंग्रजी नाव घरात कुणाला धड वाचता येईना, म्हणून सगळे त्याला 'गढीचा गेम' म्हणत. नवा भाग कधी दुकानात सापडायचा नाही. धूळ खात पडलेले जुने तीन भाग तेवढे मिळाले.

पहिला भाग मुंजाबानं चार दिवसांत संपवला, दुसऱ्याला आठवडा गेला. प्रत्येक भागात तेच फाटक, तोच तुटका जिना, त्याच अंधाऱ्या खोल्या आणि शेवटी शवपेटीत झोपलेला गढीचा मालक. त्याला मारायचं, की गढी ढासळायची. पुढच्या भागात मालक पुन्हा उठून बसलेला. मेलेल्या माणसानं मेलेलं राहावं, एवढी साधी गोष्ट त्या गढीत होत नव्हती, आणि मुंजाबाला त्याचा मनापासून राग यायचा. वाटा मात्र त्याच्या पक्क्या ध्यानात राहात. कुठल्या भिंतीमागं खोली आहे, कुठला दगड पोकळ आहे. मेंढरांमागं हिंडलेल्या बापाला कुठल्या कुंपणाला कुठं भगदाड आहे ते असंच माहीत असायचं.

हात नसता गेला, तर त्यानं ही गढी कशाला पाहिली असती! वाळूजच्या कंपनीत तो प्रेसवर होता. नोकरी कडूबांनीच लावून दिलेली. ते तिथं सुपरवायजर. प्रेसला दोन बाजूंना दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नाही. त्या दिवशी शिफ्ट बदलली. मुंजाबा उजव्या हातानं पत्रा बसवत होता, डावा तळवा नुसता बटणावर टेकला आणि प्रेस खाली आली. तीन बोटं गेली.

नंतर साहेबानं प्लास्टिकच्या पिशवीतून ती वस्तू दाखवली. उजव्या बटणाच्या फटीत कोंबलेली आगकाडी. मधोमध दुमडलेली, निसटू नये म्हणून सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीत गुंडाळलेली. एक बटण असं दाबून ठेवलं की काम दुप्पट वेगानं होतं.

आधीच्या शिफ्टला त्या प्रेसवर किसन हिवराळे होता. एवढं पुरे झालं. विद्यापीठाचं नामांतर होऊन पंधरवडाही झाला नव्हता. खेड्यापाड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या, आणि कंपनीत जेवणाचे डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडले जात होते. हिवराळे जयभीमवाला. त्याचं नाव निघालं तेव्हा कुणीच तोंड उघडलं नाही. मुंजाबानंही नाही. खरं तर त्याच हिवराळेनं आपला सदरा काढून त्याच्या हाताला गुंडाळला होता आणि टेंपोत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तरी मुंजाबानं त्याचा द्वेष केला. कुणाचा तरी करायचाच होता, आणि त्याचा करणं सगळ्यांत सोपं होतं.

आता फक्त मुंजाबाची सही बाकी होती. टाइप केलेला जबाब कडूबांच्या खिशात होता. सही झाली की हिवराळे कामावरून जाणार, आणि पुढं पोलीसही होते.

"आन इकडं," कडूबा म्हणाले. नजर टीव्हीवरच होती. "तुला सोपं करून देतो. शेवटचाच जिना हाय."

त्यांनी रिमोट ओढून घेतला. खिशातून माचिस काढली, एक काडी घेतली, गुल दातानं तोडून थुंकला. काडी मधोमध दुमडली. मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी फाडून तिच्यावर दोन वेढे दिले, नखानं दाबून चपटी केली आणि दाबून धरलं की चाबूक चालतच राहतो त्या बटणाच्या फटीत बसवली. सगळं इतक्या सहज, की एकदाही खाली बघावं लागलं नाही.

"घे. आता नुसती उडी मार. चाबूक आपोआप चालंल."

मुंजाबानं रिमोट घेतला. अंगठा बटणावर ठेवला, पण दाबला नाही. बँडेजच्या आत, जिथं बोटं नव्हती तिथं, ठणका लागला.

सारजाबाईनं शेंगांची ताटली मध्ये आणून ठेवली.

"संपली का रं गढी?"

"नाय आक्का. अजून मालक हाय."

ती भावाच्या अंगावरची शाल सारखी करून आत गेली. पंधरा दिवस तीच त्याला घास भरवत होती. याच माणसाच्या घरात, याच माणसाच्या पगारावर. हे आक्काला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मार की उडी," कडूबा म्हणाले.

"दाजी, तो जबाब काढा."

"आता?" कडूबांचा चेहरा उजळला. त्यांनी कागद उलगडला, पेनाचं टोपण काढून दिलं. "हितं खाली. डाव्या हातानं केली तरी चालंल. साहेब म्हनले, उद्याच्या उद्या त्याचा निकाल लावतो."

"आधी वाचून दावा."

"त्यात काय वाचायचं? तुलाच ठावं हाय सगळं."

"तरी वाचा. मला ऐकायचंय."

कडूबांनी चष्मा लावला आणि कंपनीत नोटीस वाचतात तशा मोठ्या आवाजात सुरुवात केली. "मी, मुंजाबा भागोजी, जबाब लिहून देतो की, आधीच्या पाळीतील कामगार किसन हिवराळे यांनी प्रेसचे उजवे बटण अडकवून ठेवले होते. सदर बटणाच्या फटीत मधोमध दुमडलेली व सिगारेटच्या पाकिटातील चांदीत..."

ते थांबले. नजर कागदावरून घसरली आणि मुंजाबाच्या मांडीवर गेली.

मुंजाबानं दोन्ही हात रिमोटवरून बाजूला घेतले होते. रिमोटला कुणाचाच हात नव्हता. तरी पडद्यावर जिन्याच्या पायथ्याशी तो माणूस रिकाम्या अंधारात चाबूक मारतच होता, मारतच होता.

आत सारजाबाई शेंगा पाखडत होती.

"पुढं वाचा, दाजी," मुंजाबा म्हणाला.