बोरखळीचा दिवा

"मॅडम, आमचं गाव यात न्हाई," पुंजाराममामा चौथ्यांदा म्हणाले आणि माझ्या हातातला स्क्रू नकाशाखाली कुठेतरी घरंगळला.

नगरमधल्या एका लहानशा इतिहास संग्रहालयासाठी मी जिल्ह्याचा नकाशा करत होते. बारा फूट लांब, डोंगर-नद्या उंचसखल, आणि गावागणिक तांदळाएवढा दिवा. समोरच्या पडद्यावर गावाच्या नावावर बोट ठेवायचं, की तिकडे दिवा लागणार. दीड हजारावर गावं, हात माझे दोन आणि उद्घाटन सहा दिवसांवर. त्यात संग्रहालयाच्या ट्रस्टचे सचिव रोज नवं काहीतरी काढत. एक दिवस म्हणाले, दिवा लागताना तुतारी वाजू द्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तुतारी नको, शाळेची पोरं चेकाळतात. शिवाय त्यांचं स्वतःचं गाव पारनेर तालुक्यातलं, तिथला दिवा त्यांना 'जरा ठळक' हवा होता. तोही लावून दिला. अडला हरी, दुसरं काय!

आणि वर हे मामा. संग्रहालयाचे शिपाई. तीस वर्षं तेच कुलूप उघडायचं, त्याच तलवारी पुसायच्या. त्यांचं गाव बोरखळी ते तिसरीत असताना धरणात गेलं. घरं चार ठिकाणी पांगली, नाव कुठल्याच ठिकाणाला राहिलं नाही. माझ्याकडची यादी आजची, तिच्यात बोरखळी येणार कुठून? हे मी आधी समजावलं, मग सुनावलं. शेवटी आवाज चढलाच माझा. म्हटलं, मामा, पाण्यात दिवा लावू का आता?

ते चपला काढून नकाशाजवळ आले आणि धरणाच्या निळ्या रंगावर त्यांनी बोट टेकवलं. "हितं. राहुरीच्या बाजारातून दिस मावळता गाडी निगायची. जेवाय घरी."

असल्या मापानं नकाशे होत नसतात, असं म्हणून मी त्यांना चहा आणायला पिटाळलं. पण ते डोक्यात किडा सोडून गेले होते. ट्रस्टच्याच कपाटात धरणाआधीचा सर्व्हेचा नकाशा निघाला. धुळीनं शिंकून शिंकून मी बेजार झाले. बोरखळी होतं. शेजारी विहिरीची खूणसुद्धा होती. मामांचं बोट जेमतेम अर्धा इंच चुकलं होतं.

मला आणखीच राग आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही. रविवारची सुट्टी घालवून मी निळ्या रंगात भोक पाडलं, दिवा बसवला, यादीत नाव चढवलं. मामा आभारबिभार मानण्याच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांनी चहावाल्याला आत आणलं, मग पेपरवाल्याला, मग समोरच्या झेरॉक्सवाल्याला. प्रत्येकाला गाव दाखवलं. माझी वायरिंगची कामं तशीच पडून राहिली, आणि मी कुणाला हाकलूही शकले नाही.

उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी पडद्यावर सहज बोट ठेवलं, ते नेमकं बोरखळीवर. भर धरणात दिवा लागला. "तिथं मतदान कोण करतं, मासे का?" पाहुणे म्हणाले. सगळे हसले. सचिवही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मामा मागे पेढ्यांचा ट्रे घेऊन उभे होते. ते ट्रेकडे बघत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर सचिवांनी मला कोपऱ्यात घेतलं. उद्या सकाळी तो दिवा काढा, नावही काढा, लोकांना चूक वाटते. मी म्हटलं, सर, चूक नाही, तिथे गाव होतं, जुना नकाशा तुमच्याच कपाटात आहे. "होतं ना? आता नाही ना? मग विषय संपला," ते म्हणाले. इतिहासाच्या संग्रहालयात 'होतं' चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी तासभर वाद घातला. भिंतीवर डोकं आपटलं असतं तरी चाललं असतं.

सकाळी पक्कड घेऊन गेले तर मामांनी दालन उघडून ठेवलं होतं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी काहीतरी बोलायला लागले, की मी पुन्हा भांडेन, अर्ज देईन. त्यांनी मान हलवली.

"एकदा उटलंय गाव, मॅडम. दुसऱ्यांदा उटाया काय येळ लागतो? तुमी तुमचं काम करा."

मी नकाशाखाली वाकून ती वायर शोधली. मामा पडद्यासमोर गेले. यादीत त्यांनी बोरखळी शोधलं आणि नावावर बोट ठेवलं. निळ्यात दिवा लागला. बोट उचललं की तो विझतो.

मी वायर पकडीत धरून थांबले. खालून मला फक्त त्यांचे अनवाणी पाय दिसत होते. दहा वाजले, शाळेची पहिली बस फाटकात शिरली, सचिवांचा फोन दोनदा वाजून गेला. वर दिवा जळतच होता.