बयाबाई नावाचं खेचर

या सगळ्यातून क्रांतीला मिळणार होतं फक्त एक नाव. तेही वापरलेलं, आणि सध्या एका खेचराच्या गळ्यात अडकवलेलं. एवढ्याशासाठी कुणी इतका डाव रचतं का, असं ज्याला वाटत असेल त्यानं आधी आपलं नाव खेचराला ठेवून बघावं, आणि ते खेचर दुसरा कुणीतरी चारचौघांत हाकत असताना शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकावं.

शाहूपुरीत एका फॉल-पिकोच्या दुकानावरच्या माडीवर गेमिंग कॅफे आहे. तिथं जो खेळ चालतो त्याला इंग्रजी नाव आहे, पण ते घेत कुणी नाही. सगळे 'भंगार' म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. लढाईनं मोडलेलं एक शहर, त्यात उरलीसुरली माणसं बॅटऱ्या, पत्रे, गोळ्या, खाण्याचे डबे वेचत फिरतात. एकटं माणूस टिकत नाही, म्हणून टोळ्या. माडीवरच्यांच्या दोन होत्या. लाकडाची जुनी वखार धरून बसलेले वखारवाले, आणि पाण्याच्या उंच टाकीवर राहणारे टाकीवाले. एकमेकांनी वेचलेलं पळवायचं, हाच दोघांचा उद्योग. खेळाचा एक नियम मात्र भलताच कडक होता. मेलं की नाव सुटतं. सगळ्यांच्या पडद्यावर 'अमुक गेलं' अशी ओळ झळकते, आणि पहिल्यांदा धरील त्याचं ते नाव. मग माणसाला ठेवा नाहीतर कुत्र्याला.

क्रांती औषधांच्या एका होलसेल दुकानात बिलिंगला होती. संध्याकाळी सुटली की थेट माडीवर. खेळात तिचं नाव बयाबाई. घेतलं होतं चेष्टेनं, पण पुढं त्या नावाला असा दरारा आला, की टाकीवाले ते वाचताच रस्ता बदलायचे. ती वखारवाल्यांची म्होरकी. आणि वखारीचा जो रिवाज साऱ्या भंगारात गाजला, तोही तिचाच. दारात अनोळखी कुणी आलं तर गोळी घालायची नाही. "या पावणं" म्हणायचं, शेकोटीजवळ बसवायचं, आपल्यातला डबा द्यायचा. त्यानं तो खाल्ला की त्याची झडती नाही. आणि त्यानं किंवा आपण, कुणीच हत्यार काढायचं नाही. बाकीच्या टोळ्या या गावठी कारभाराला हसायच्या. पण अडचण आली की हसणारेच पावणं होऊन दारात उभे राहायचे, येताना औषधं आणायचे, कोण कुठं दडलंय त्या बातम्या आणायचे. क्रांतीच्या पाहुणचारात तिचा तोटा कधी झाला नव्हता. म्हणून तर तो टिकला होता.

राजवर्धन तिचा उजवा हात. वडिलांचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, माडीवर एसीखालची खुर्ची कायमची त्याची, आणि खेळातलं नाव 'सरकार'. एकदा ऐन चकमकीत त्याचा नेम चुकला. क्रांती सगळ्यांदेखत म्हणाली, "सरकार, तुमी आपलं डबं लावत बसा. बंदूक मी बघतो."

माडी हसली. राजवर्धन सगळ्यांत जास्त हसला, आणि सगळ्यांच्या नंतर थांबला. हे क्रांतीनं बघायला हवं होतं. तिनं बघितलं नाही.

पुढं काही दिवसांनी ती पाहुण्यांसोबत शेकोटीला बसली, रिवाजाप्रमाणं बंदूक खाली ठेवली, डबा हातात घेतला, आणि राजवर्धननं तिच्या पाठीत गोळी घातली. पडद्यावर ओळ आली: बयाबाई गेली. ती नाव परत धरायला गेली तोवर ते गेलेलं होतं. वखारीत ओझी वाहायला एक खेचर होतं. राजवर्धननं ते नाव त्याला दिलं होतं.

"ए बयाबाई, हाल की!" दुसऱ्या दिवशी एसीखालून आवाज आला. "रुसलीया व्हय? टाका रं, अजून दोन पत्रं टाका हिच्या पाठीवर. लई वझं उचलती आमची बयाबाई."

क्रांतीसुद्धा हसली. सोडा मागवला, पिऊन संपवला, जिना उतरून खाली आली आणि फॉल-पिकोच्या दुकानात शिरली.

ते दुकान शिवलीलाचं. बाई मूळची कुरुंदवाडची, चाळिशीच्या आतबाहेरची, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. बोलणं कोल्हापूरचं, पण नाती अर्धी कानडीतली. धाकट्या पुरुषाला 'तम्मा' म्हणायची, आणि असं म्हणायची की समोरच्याला आपल्याला मोठी बहीण आहे असं वाटू लागे. क्रांतीला नेमकं तेच हवं होतं. तिचा स्वतःचा आवाज राजवर्धनला पाठ होता.

"अक्का, तुमचा आवाज पायजे," क्रांती म्हणाली.

"आवाज? कशाला गं? गाणं म्हणाया लावतीस काय?"

"पावणं म्हणून एका दारात जायचं हाय. चालणार मी, बंदूक माझ्याकडं. तुमी फकस्त बोलायचं."

"आणि आत गेल्यावर?"

"आत गेल्यावर बघू की."

शिवलीलाला यातून काय मिळणार होतं? काहीच नाही. वरून रोज आरडाओरडा ऐकू यायचा, तो कशाबद्दल असतो एवढं एकदा कळेल, इतकंच. ती हो म्हणाली.

डाव साधा होता. टाकीवाल्यांचा म्होरक्या गुंडू क्रांतीच्या बाजूला आला, कारण वखार त्याला कधीपासून हवीच होती. क्रांतीनं खेळात एक नवी बाई उभी केली, बसव्वा नावाची. बसव्वानं दारात जायचं, मटणाचा डबा खायचा, झडती चुकवायची, मग आतून कडी काढायची. बाहेर गुंडूची माणसं टपलेली. खेचराला मारलं की नाव सुटणार, पण ते आतल्या कोठीत कुलपात असे, तिथवर लढत जावं लागणार होतं. त्यात बसव्वा टिकेल याची खात्री नव्हती. पण दुसरा मार्गही नव्हता.

संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघी क्रांतीच्या लॅपटॉपसमोर बसल्या. हेडफोन शिवलीलाच्या कानाला, की-बोर्ड क्रांतीच्या हातात. वखारीच्या दाराशी बसव्वा उभी राहिली.

"कोन हाय?" वरून राजवर्धननं विचारलं. माडीवर त्यानं विचारलं आणि खाली हेडफोनमध्ये आलं. जिन्यातून तोच आवाज दुसऱ्यांदा उतरला.

"पावणं आलोय, तम्मा," शिवलीला म्हणाली. "लांबनं आलोय. पाय दुखायलेत."

क्रांतीनं तिच्याकडं बघितलं. असलं काही शिकवलं नव्हतं.

दार उघडलं. "या की, या. बसा शेकोटीला. ए, पावण्यास्नी डबा आण. मटणाचा आण, पावण्याला पयला मान त्येचाच."

"शिव शिव!" शिवलीला खुर्चीत मागं सरली. "आम्ही लिंगायत, तम्मा. मटण शिवत न्हाई."

क्रांतीनं कपाळाला हात लावला. माईकवर तळवा दाबून ती फिसकारली, "अक्का! खोटं हाय ते! एक बटण दाबलं की झालं!"

"मग दुसरं कायतरी दाब. मटण नगो."

डबा न खाणारा पावणा म्हणजे झडती. झडतीत पिस्तूल निघणार. क्रांतीचं बोट पळून जायच्या बटणावर गेलं.

वखारीत मात्र वेगळंच घडत होतं. कुणीतरी हसत म्हणालं, "सरकार, शेंगदाणं दे त्यास्नी." राजवर्धन त्याच्यावर खेकसला. "गप रं! कोल्हापुरात पावणं उपाशी ऱ्हातंय व्हय? अक्का, थांबा वाईच. मक्याचा डबा हाय आमच्यात. आतल्या कोठीत, खेचराच्या खोगिरात." कुलूप उघडल्याचा आवाज आला. "बयाबाई, ये हिकडं. ये, पावण्यास्नी वाढ."

ज्या खेचरासाठी तिला पाच माणसांच्या अंगावरून जावं लागणार होतं, ते पाठीवर मक्याचा डबा घेऊन आपल्या पायानं शेकोटीशी आलं. राजवर्धननं डबा काढला, फोडला, बसव्वासमोर ठेवला. क्रांतीनं बटण दाबलं. बसव्वानं मका खाल्ला.

"पोट भरलं, अक्का?"

"भरलं, तम्मा. द्येव तुजं भलं करो."

राजवर्धन लाकूड टाकायला शेकोटीकडं वळला. पाठ समोर. क्रांतीनं पिस्तूल काढलं. शिवलीलानं तिचं मनगट धरलं.

"आता नगो गं. मी त्याचं खाल्लं."

"खेळातला डबा हाय तो!"

"देताना त्यानं खेळातला म्हणून दिला न्हाई."

क्रांतीनं मनगट सोडवून घेतलं. पहिली गोळी राजवर्धनला, दुसरी खेचराला. मग कडी. गुंडूची माणसं आत घुसली. पडद्यावर दोन ओळी लागोपाठ आल्या. नाव धरायचं पान तिनं फोनवर आधीच उघडून ठेवलं होतं. बयाबाई हे नाव तिनं धरलं, आणि हात मोकळाच आहे तर 'सरकार' हेही धरलं. वखारीच्या राखणीला एक कुत्रं होतं.

माडीवर आरोळी उठली. खुर्ची पडली. जिना धडधडत राजवर्धन खाली आला आणि शटरखालून वाकून आत बघू लागला. लॅपटॉप दिसला, हेडफोन दिसले, हेडफोन कुणाच्या कानाला आहेत तेही दिसलं. क्रांतीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"अक्का," तो म्हणाला, "मका तरी ग्वाड लागला का?"

शिवलीलानं हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवले. तो निघून गेला.

पुढचे कितीतरी दिवस क्रांतीची चैन होती. माडीवर ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "ए सरकार, भुंक की! न्हाय भुंकत? हाडूक टाका रं सरकारला." एसीखालच्या खुर्चीवर राजवर्धन नव्या, कुणालाच ठाऊक नसलेल्या नावानं खेळत बसायचा. हसायचाही.

वखारीत आता ती आणि गुंडू मिळून कारभार बघत. पहिल्याच दिवशी तिनं हुकूम काढला. डब्याचा रिवाज बंद. पावणं म्हणत कुणी दाराशी आलं की आधी गोळी, चौकशी नंतर. पावणं होऊन काय करता येतं, हे आता तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

इकडं शिवलीलाचं दुकानात लक्ष लागेना. दोन साड्यांना फॉल उलटा बसला. शेवटी तिनं भाच्याचा लॅपटॉप मागून आणला, त्याच्याकडून चालायचं कसं आणि उचलायचं कसं एवढं शिकून घेतलं, आणि दुपारच्या रिकाम्या वेळात भंगारात उतरली. नाव काय घ्यायचं याचा तिनं विचार केला नाही. असलेलं घेतलं. बंदूक उचलली नाही. मटणाचे डबे वाटेत पडलेले दिसत, ते ओलांडून जाई. तिला मक्याचा हवा होता. एक सापडला.

डबा कुणाला परत करायचा हे तिनं कुणाला विचारलं असतं, तर वखार आता राजवर्धनची नाही हे तिला कळलं असतं. पण ज्या घरात खाल्लं त्या घरात नेऊन द्यायचं, कुरुंदवाडात असंच करतात. रविवारी दुपारी ती वखारीच्या दारासमोर, जरा लांबच उभी राहिली. वर भिंतीवर गुंडू होता. तिच्या डोक्यावरचं नाव वाचता येईल इतकी ती जवळ नव्हती.

"पावणं आलोय, तम्मा," शिवलीला लॅपटॉपला म्हणाली. "डबा परत घे बाबा. चूक झाली."

माईक वेगळा चालू करावा लागतो, हे तिला माहीत नव्हतं. त्या दिवशी ते क्रांतीनं केलं होतं.

गुंडूनं एकच गोळी घातली. माडीवर सगळ्यांच्या पडद्यांवर ओळ आली: शिवलीला गेली. क्रांती ती वाचून उभी राहिली. हेडफोन गळ्यात तसेच, नाव धरायला बटणाकडं हात नेला. उशीर झाला होता. भंगारात हे नाव फिरताना बघून त्याची वाट बघत कुणीतरी आधीच बसलं होतं.

"राजवर्धन, नको," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली.

त्यानं ऐकलं नाही, की ऐकूनच केलं, कोण सांगणार. नव्या टोळीसाठी त्यानं नवं खेचर घेतलं होतं. खाली दुकानात शिवलीला काळ्या पडद्यासमोर बसून राहिली होती. तिच्या कानात हेडफोन नव्हते, त्यामुळं जिन्यातून उतरलेला आवाज तिला स्वच्छ ऐकू आला.

"ए शिवलीला, चल की. मका खाल्लास न्हवं? आता वझं उचल."

माडी हसली.

राजवर्धनचं एक नाव गेलं आणि एक आलं. क्रांतीचं गेलेलं परत आलं, वर एक कुत्रं मिळालं. गुंडूला वखार मिळाली. शिवलीलाला यातून काही मिळायचं नव्हतंच, आणि तिघांचं मिळून जे काही फेडायचं होतं, ते तिनं एकटीनं फेडलं. मक्याचा डबा अजून वखारीच्या दाराबाहेर पडलेला आहे. उचलायला कुणी बाहेर येत नाही.