कोठाराची भिंत

किनुएने ओझं पेलत गादी काठीवर टाकली, झटकली आणि कोठाराच्या भिंतीपुढे मुद्दाम खालपर्यंत सोडली. तिथे ऊन धड येत नसे. पण भिंत झाकली गेली.

"वहिनी, सावलीत गाद्या वाळवायची नवीन तऱ्हा काढलीत वाटतं!" कुंपणापलीकडून आळीप्रमुख तोकुनागा ओरडले.

"तुम्ही तुमच्या गाद्या बघा की!"

राष्ट्रीय क्रीडास्पर्धा यंदा त्यांच्या प्रांतात भरल्या होत्या. हॉटेलं पुरेनात, म्हणून खेळाडू घराघरांत उतरवले होते. चिठ्ठीत या आळीला आकिता प्रांताचा फुटबॉल संघ आला, आणि त्या दिवसापासून आळी आकिताची झाली. फलक रंगवले, घोषणा पाठ केल्या, दोन सामन्यांत म्हाताऱ्यांनी घसे बसवून घेतले. आता उद्या उपान्त्य सामन्यात आकितासमोर कोण, तर आपलाच प्रांत! किनुएचा मुलगा रेइजी त्या संघात होता, पेनल्टी तोच मारायचा. तो संघाबरोबर शहरात राहत होता, आणि इथे त्याच्या खोलीत झोपत होता आकिताचा गोलरक्षक, ओयामादा.

"आता ओरडायचं तरी कुणाच्या बाजूने?" तिने आळीच्या बैठकीत विचारलं होतं.

"ज्यांना जेवू घातलं त्यांच्या," तोकुनागा म्हणाले होते. "पण तुम्हाला सूट आहे, वहिनी. घरी बसलात तरी कुणी नाव ठेवणार नाही."

ती सूट तिला फार झोंबली होती.

दुपार कलली. किनुए चुलीशी मासे भाजत होती, तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"मावशी, दव पडायच्या आत गाद्या आत घेतो. तुमची कंबर धरलीय ना!"

"अरे राहू दे, राहू दे!" ती हातातला चिमटा तसाच घेऊन धावली. पण पोरगं कामाला वाघ. दोन गाद्या खांद्यावर टाकून ओयामादा भिंतीसमोर उभा होता.

पांढऱ्या भिंतीच्या डाव्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, पोचेच पोचे पडले होते. गिलावा उडून आतल्या बांबूच्या कामट्या दिसत होत्या. बाकीची भिंत गुळगुळीत. गोलरक्षकाला आणखी काय सांगायला हवं होतं?

"रेइजीसान?" त्याने हळूच विचारलं.

ओल आलीय, असं सांगता आलं असतं. पण घरात जेवणाऱ्याशी खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं.

"त्याचे बाबा उभे राहायचे इथे, गोलात. होडीवरच्या जाळं ओढायच्या चक्रीत सापडून त्यांचा डावा खांदा गेला होता, हात वर व्हायचा नाही. मग पोरगा मुद्दाम त्यांच्या चांगल्या हाताकडे मारायचा. यांनी चेंडू अडवला की मी स्वयंपाकघरातून टाळ्या वाजवायचे आणि तो वेडा गोल झाल्यासारखा नाचायचा." तिने चिमटा या हातातून त्या हातात घेतला. "तेव्हा भिंतीवर ओरखडासुद्धा नव्हता. हे सगळं ते गेल्यानंतरचं."

ओयामादाने मान खाली घातली.

"मावशी, हे मला सांगायला नको होतं."

"मग विचारलंस कशाला?" ती करवादली. "चल जेवायला. मासे गार होतायत."

जेवणं उरकल्यावर तिने रेइजीच्या हॉटेलचा नंबर फिरवला आणि शेवटचा आकडा राहिला असताना फोन ठेवून दिला. काय सांगणार होती? अजून बाबांच्या हाताकडेच मारतोस, ते सोड म्हणून?

दुसऱ्या दिवशी ती गेली. आळीबरोबर बसली, हातात आकिताचा झेंडा धरून. घोषणा मात्र तिच्या तोंडून फुटेना. आकिता एका गोलने पुढे होता. सामना संपायला चार मिनिटं उरली असताना शिट्टी वाजली. पेनल्टी. रेइजीने चेंडू ठिपक्यावर ठेवला. सारी आळी चोरून किनुएकडे पाहू लागली.

देवा, आज दुसरीकडे मार रे, ती मनात म्हणाली.

रेइजी धावला. चेंडू खाली, डाव्या कोपऱ्यातच गेला. ओयामादा तिथे आधीच आडवा झाला होता. उजवा हात लांब करून त्याने चेंडू थोपवला आणि पोटाशी ओढून घेतला.

"अडवला! अडवला!"

आपण उभ्या राहिलोय आणि जोरजोरात टाळ्या वाजवतोय, हे किनुएला कळलंच नाही. झेंडा पायाशी पडला होता. पुढच्या रांगांतले आपल्याच प्रांताचे लोक मागे वळून पाहत होते.

"वहिनी, अहो, बसा खाली! तुमचाच मुलगा आहे तो!" तोकुनागांनी तिची बाही ओढली.

"माहितेय मला," ती म्हणाली. टाळ्या काही थांबेनात. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिला हात मोकळा नव्हता.

मैदानावर रेइजी कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याने मान वर केली आणि टाळ्या कुठून येताहेत ते शोधलं. आई सापडली. बराच लांब होता तो, पण तिला नीट दिसलं. पोरगा हसत होता.