साहेबांसाठी धुतलेली विहीर

एसटी गेली आणि भारती वस्तीच्या वाटेला लागली. खांद्यावर चार वर्षांची दीपा झोपलेली, हातात पिशवी, पिशवीत नगरच्या डॉक्टरची चिठ्ठी. ओढ्याच्या वळणावर येताच तिनं सवयीनं पदर नाकाला लावला. मग हळूच काढला. रोजचा वास नव्हता. आठ महिने ज्या वळणावर नासक्या गुळासारखी घाण नाकातोंडात शिरायची, तिथं आज ब्लिचिंग पावडरचा वास येत होता. आता घाण गेली म्हटल्यावर माणसाला बरं वाटावं की नाही? भारतीनं मात्र पावलं झपाझप उचलली.

कारण आज शुक्रवार होता. आज अकरा वाजता साहेब पाण्याचा नमुना घ्यायला येणार होते.

ही भारती म्हणजे वस्तीवरची बालवाडीची ताई. नवरा, प्रशांत, नगरला एमआयडीसीत कामाला. पंधरा दिवसांनी तोंड दाखवणार. घरात ती, दीपा आणि सासरा रंभाजी. बावीस घरांची बौद्धवस्ती, आणि बावीस घरांत मिळून पिण्याची विहीर एक. ती ओढ्याला लागून. आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला, माळावर, दोन वर्षांपूर्वी डिस्टिलरी उभी राहिली. मळीपासून दारूचा अर्क काढायचा कारखाना. अर्क काढून जे काळं, कढत, आंबलेलं पाणी उरतं ते साठवायला त्यांनी खड्डे खणले होते म्हणे. असतील. पण अंधार पडला की ते पाणी ओढ्याला सुटायचं, आणि ओढ्यातून झिरपून विहिरीत. आधी बेडूक मेले. मग मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. मग शेजारच्या चांगुणाबाईच्या दोन गाभण शेळ्या गळाठून मेल्या. आणि मग पोरांच्या अंगावर चट्टे उठले. विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं, आणि वस्ती ते फडक्यातून गाळून प्यायला लागली. करता काय? दुसरं पाणी दीड कोसावर.

भारतीनं आठ महिन्यांत चौदा अर्ज केले. पंचायतीला, तहसीलला, नगरला, कुठं कुठं. शेवटी नगरच्या सरकारी कचेरीतून एक पत्र आलं: शुक्रवार, दिनांक १२ एप्रिल १९९६, सकाळी अकरा वाजता सदर विहिरीच्या पाण्याचा नमुना घेण्यात येईल. खाली लिहिलेलं, प्रत माहितीसाठी डिस्टिलरी व्यवस्थापनास रवाना. आता बोला! चोराला आठ दिवस आधी पत्र धाडून कुणी घरझडती घेतं का? इथं घेतात.

तरी भारतीनं मनाशी म्हटलं, कळवू दे. आठ महिन्यांचं विष काय आठ दिवसांत जातंय? पण बुधवारी दीपाच्या चट्ट्यांतून पाणी गळायला लागलं, पोर रात्रभर खाजवून रडली. गुरुवारी भल्या सकाळी तिला घेऊन भारतीला नगर गाठावं लागलं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण पाणी बदला, नाहीतर औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नणंदेकडं मुक्काम करून आज पहिल्या गाडीनं, तिसगावला गाडी बदलून, ती परत आली होती.

विहिरीपाशी आली आणि थबकली. कठड्याला पांढराशुभ्र चुना. भोवती सडा. सड्यावर रांगोळी! आत वाकून पाहिलं तर पाणी असं नितळ, की तळाचा खडक मोजून घ्यावा. आणि मऊ मातीत टँकरच्या चाकांचे दोन लांब चर.

कठड्याशी रंभाजी बसला होता. सत्तरीचा गडी, धुवट धोतर, नवी टोपी. चिंच लावून पितळेचा तांब्या घासत होता. सुनेला बघून त्याचं तोंड फुललं.

“आलीस? बघ कशी आरशावानी केली! तू न्हाईस म्हनून आमी काय हातावर हात धरून बसलो न्हाई. काल सकाळधरनं इंजन लावलं, समदी उपसली. पोरं आत उतरली, गाळ काढला. मग पावडर टाकली, आन वरून तीन टँकर वतले.”

“कुणाचे टँकर, मामा?” सासऱ्याला ती मामा म्हणायची.

“गोरक्षनं धाडले की! त्यो डिस्टिलरीचा सुपरवायझर. सोता आला हुता. म्हनला, रंभाजीबाबा, उद्या साहेब तुमच्या वस्तीव पानी पेनार, मग अशी घान विहीर बरी दिसती का? इंजन त्याचं, डिझेल त्याचं, टँकर कॅनॉलच्या पान्याचे. मी म्हनलं, मानूस वाईट न्हाई बरं का.”

भारतीनं दीपाला खाली ठेवलं. जाणत्या माणसाला असं बोलू नये, हे तिला कळत होतं. पण राग आला की कळणं कुठल्या कुठं जातं.

“मामा, अहो, पुरावा धुतला तुम्ही! आठ महिने ज्याच्यासाठी मी सरकारी पायऱ्या झिजवल्या, तो तुम्ही एका दिवसात उपसून टाकलात! साहेब काय पाहुणा म्हणून येतोय? ते घाण पाणी न्यायलाच येतोय तो! आता बाटलीत काय भरणार? गोरक्षच्या टँकरचं पाणी? आणि म्हणणार, पाणी उत्तम आहे, बाई खोटारडी आहे!”

रंभाजी घासायचा थांबला. सून आजवर कधी त्याच्यापुढं चढ्या आवाजात बोलली नव्हती.

“पाव्हना यायचा म्हनून विहीर साफ केली, त्यात पाप केलं व्हय?” तो म्हणाला. “परवा जयंती हाय. आन साहेबमानूस आपल्या विहिरीचं पानी पेनार म्हनल्याव... काळं पानी देऊ त्याला?”

आता त्याच्यावर रागवावं तरी कसं? लहानपणी पाटलाच्या विहिरीपाशी ओंजळ धरून, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून तास तास उभा राहिलेला माणूस. ही विहीर त्यानं आणि अकरा जणांनी बहात्तरच्या दुष्काळात पहारी घेऊन फोडली होती. पाणी लागलं त्या दिवशी म्हणे तो आत उभा राहून रडला. पुढं कुणी मोठा माणूस वस्तीवर आला की रंभाजी तांब्या घेऊन पुढं. पुढारी, मास्तर, ग्रामसेवक त्या विहिरीचं पाणी प्याले की चार दिवस सांगत फिरायचा. गोरक्षला हे ठाऊक होतं. म्हणून तर तो मेला थेट म्हाताऱ्याकडं आला, भारतीची गाडी सुटल्यावर. माणसाचा लोभ कुणीही हेरतं. यानं माणसाचा मान हेरला आणि त्याच्यावर डल्ला मारला.

अकराला सांगून जीप साडेबाराला आली. निमोणकर साहेब उतरले, मागून त्यांचा शिपाई प्लास्टिकचा कॅन घेऊन. वस्ती गोळा झाली. भारती पुढं झाली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. काल विहीर उपसली, टँकर ओतले, हे बघा चाकांचे माग, हे बघा पोरीचे चट्टे, ही डॉक्टरची चिठ्ठी.

साहेबांनी चिठ्ठी हातात घेतलीच नाही.

“विहिरीत पाणी कुठून आलं हे बघणं माझं काम नाही, बाई. आहे त्याचा नमुना घ्यायचा.”

“मग ओढ्यातलं घ्या. वरच्या डोहात अजून काळं पाणी आहे, चला, मी दाखवते.”

“पत्रात विहीर म्हटलंय. ओढ्यासाठी वेगळा अर्ज करा.”

“पंधरावा?”

साहेबांनी शिपायाला हातानं खूण केली. शिपायानं दोर सोडला, कॅन भरला, झाकण लावलं, चिठ्ठी डकवली. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला: पाणी रंगहीन, गंधहीन, प्रथमदर्शनी पिण्यास योग्य. पाच पंचांनी सह्या कराव्यात. पहिलं नाव रंभाजीचं, कारण वस्तीत वडील तोच.

आठ महिने! त्या एका ओळीनं डिस्टिलरी धुतल्या तांदळासारखी होणार होती, आणि उद्यापासून पुन्हा काळं पाणी सुटणार होतं. तेवढ्यात रंभाजी पुढं आला. सही करायला नाही. एका हातात लखलखीत तांब्या, दुसऱ्या हातात फुलपात्र.

“साहेब, उन्हाचं आलात. पानी घ्या.”

“नको, नको.”

“घोटभर तरी. आत्ता शेंदलंय.”

“नको म्हटलं ना. माझी बाटली आहे गाडीत.”

साहेबांनी खरंच जीपमधून सीलबंद बाटली काढली, झाकण मोडलं आणि ते सगळ्या वस्तीसमोर गटागटा पाणी प्याले. रंभाजीचा हात तसाच पुढं राहिला. त्याची मान हळूहळू खाली गेली. साठ वर्षांमागची ओंजळ त्याला आठवली असणार, दुसरं काय! भारतीनं ते पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“का नाही प्यायलात?” ती म्हणाली. “साहेब, मी तुम्हाला विचारतेय. आत्ता लिहिलंत ना, पिण्यास योग्य? मग प्या! आमची पोरं आठ महिने पितायत, तुम्ही एक घोट प्या!”

“बाई, मला बाहेरचं पाणी चालत नाही. पोटाचा त्रास आहे.”

“पोट तुम्हालाच आहे व्हय?” गर्दीतून चांगुणाबाई कडाडली.

साहेब जातीमुळं प्यायले नाहीत, की आत काय झिरपतं ते ठाऊक होतं म्हणून, ते त्यांचं त्यांना माहीत. पण गंमत बघा, त्या दिवशी विहिरीत जे पाणी होतं ते वर्षभरातलं सगळ्यात चांगलं पाणी होतं. तेसुद्धा त्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

“सह्या करा, मला अजून दोन गावं आहेत,” साहेब म्हणाले.

रंभाजीनं तांब्या-फुलपात्र कठड्यावर ठेवलं. तो जीपकडं गेला. सगळ्यांना वाटलं, म्हातारा सही करतोय. भारती ओरडली, “मामा, नका करू!” रंभाजीनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. शिपायाच्या पायाशी ठेवलेला कॅन त्यानं उचलला, शांतपणे कठड्यापाशी आणला, झाकण फिरवलं आणि सगळं पाणी धबधबा विहिरीत ओतून दिलं.

“अरे, ए! काय करतोस?” साहेब धावले.

“माझ्या विहिरीचं पानी माझ्या विहिरीत वततोय,” रंभाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण असा आवाज वस्तीनं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “तुमाला पेयाला नको, तर न्यायलाबी नको.”

साहेबांनी पुन्हा भरायला सांगितलं, तर चांगुणाबाई विहिरीच्या कठड्यावर मांडी घालून बसली आणि तिच्याशेजारी एकेक करत सगळ्या बाया बसल्या. उरलेल्या चार पंचांनी हात मागं बांधले. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. “सरकारी कामात अडथळा! आत टाकतो एकेकाला!” म्हणत ते जीपमध्ये बसले. नमुना नाही, सही नाही, पंचनामा कोरडाठाक.

तीन वाजता पोलीस आले आणि रंभाजीला घेऊन गेले. दीपाला चांगुणाबाईकडं सोडून भारती मागोमाग. काय म्हणावं या राज्याला! ओढा मारला, मासे मारले, शेळ्या मारल्या, पोरांची कातडी सोलवटली, त्याचा गुन्हा कुणावर नाही. पाच लिटर पाणी होतं तिथं परत ओतलं, त्याचा गुन्हा दाखल! भारती ठाण्याच्या बाकावर बसून दात-ओठ खात होती. टेबलापलीकडं पुंजाराम हवालदार फिर्याद लिहीत होता आणि निमोणकर साहेब खुर्चीत बसून सांगत होते.

“आरोपीनं नमुना ओतून दिला. लिहा.”

“लिहिलं. पण का ओतला?” हवालदारानं पेन थांबवलं. “कारण लागतं, साहेब. उगाच कुणी चिडत नसतं. वरचे साहेब विचारतात.”

“का म्हणजे? मी त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलो नाही म्हणून!” साहेब वैतागून म्हणाले. त्यांना घाई होती.

“हां, असं सांगा की.” पेन पुन्हा चालू झालं. साहेबांनी न वाचता खाली सही ठोकली आणि गेले.

मग हवालदारानं रंभाजीला पुढं बोलावलं. “बाबा, तुमच्यावर काय आळ आहे तो ऐका,” म्हणून त्यानं वाचायला सुरुवात केली. “सदर विहिरीचे पाणी पिण्यास योग्य असल्याचा पंचनामा मी केला. त्यानंतर आरोपीने तेच पाणी मला पिण्यास दिले असता, मी ते पिण्यास नकार दिला. त्याचा राग येऊन आरोपीने...”

भारती बाकावरून ताडकन उठली. रंभाजीनं हात वर केला.

“हवालदारसाहेब, ती ओळ परत वाचा.”

हवालदारानं परत वाचली. यावेळी वाचता वाचता त्याचाही आवाज जरा अडखळला. त्यानं साहेब गेले त्या दाराकडं बघितलं आणि घसा खाकरला.

“हे कबूल आहे का, बाबा?”

“अक्षर न् अक्षर खरं हाय,” रंभाजी म्हणाला. “आन हे कोर्टात समद्यांम्होरं वाचत्यात का?”

“वाचतात, मामा,” भारती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते रागाचंच होतं. “मोठ्यानं वाचतात.”

“मग तारीख लौकरची द्या म्हनावं,” रंभाजी म्हणाला.