मागून कुणी मारलं?

मामाने बाबाला रॅकेट मारली नव्हती. मी कोर्टाच्या कडेला बसून गुण मोजत होते, माझे डोळे काही उसने आणलेले नव्हते. बाबा जाळ्यापाशी शटलकडे झेपावला, फाट्‌कन आवाज झाला आणि तो मटकन खाली बसला. त्याचा जोडीदार मामा पार मागच्या रेषेवर होता. तरी बाबा उठला तो थेट त्याच्या अंगावर गेला. म्हणे, पाठीमागून मारतोस?

मामा आधी हसला, मग तोही भडकला. तेव्हापासून मेहुणे-मेहुणे एकमेकांचं तोंड बघेनात. मी साक्ष दिली, तर बाबाने मला मामाची चमची ठरवलं.

घरात लंगडणं सुरू झालं. आई रोज त्याची टाच तेलाने रगडायची आणि नवरा, भाऊ दोघांचाही उद्धार करायची. दवाखान्याचं नाव काढलं की बाबाचं पालुपद एकच: नुसतं मुरगळलंय, चालता येतंय, आधी त्याने माफी मागावी.

एका संध्याकाळी माझं डोकं सरकलं.

"चालता येतंय ना? मग त्या एकाच पायावर चवडा टेकून टाच उचलून दाखव."

भिंत धरूनही टाच उचलेना. बाबाचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला पालथं झोपवलं, पावलं टेबलाबाहेर लोंबती ठेवून. चांगल्या पायाची पोटरी दाबली, पाऊल हललं. दुखऱ्या पायाची दाबली, पाऊल ढिम्म. पोटरीला टाचेशी बांधणारी जाड दोरी, म्हणजे कंडरा, तुटली होती. ती तुटताना मागून कुणी लाथ घातली असंच वाटतं म्हणे. कितीतरी लोक आधी मागे वळून भांडतात. लगेच आला असतात तर चवडा खाली झुकवणाऱ्या खास बुटावर कदाचित भागलं असतं. आता टोकं लांब सरकली होती. म्हणजे ऑपरेशन, नंतर कित्येक महिने व्यायाम.

आणि हे सगळं कशापायी, तर मानापमानापायी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेर बाकावर बाबा पुटपुटला, "मामाला फोन लाव. सांग, माझं चुकलं."

"तूच सांग. पाय गेलाय, तोंड शाबूत आहे."

त्याने लावला. मामा पलीकडून इतका तापला की मलाही ऐकू येत होतं. "माझं चुकलं" एवढं बाबाने कसंबसं म्हटलं. ऑपरेशनला गाडी घेऊन येशील का, हे विचारायला मात्र त्याची जीभ रेटेना. शेवटी मीच फोन हिसकावला आणि विचारलं. विचारलं कसलं, दरडावलंच.